तुटक रेघ

भिंतीवर सगळ्यांच्या रेघा सलग होत्या, फक्त माझ्या मुलीची तुटक.

वंशावळ मांडणाऱ्या विल्यमच्या धाकट्या नातवाला अजून दातसुद्धा आले नव्हते, पण त्याचीही रेघ सलग. कोठाराच्या पांढऱ्या भिंतीवर अख्खं लोहमान घराणं पेन्सिलीने उतरवलेलं होतं. मूळ पुरुष वर तुळईपाशी आणि तिथून वडाच्या पारंब्यांसारख्या पिढ्या खाली आलेल्या. अगदी खाली, माझ्या कमरेच्या उंचीवर, योहानेस. त्याच्या शेजारी त्याची बायको क्रांती, म्हणजे मी. आमच्याखाली तनया. सगळीकडे ठसठशीत रेघा, आणि नेमकी योहानेसपासून तनयापर्यंत तुकडा, फट, तुकडा, फट.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“ममा, माझी अशी का?” तनयाने जर्मनमध्ये विचारलं. तेरा वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, पण उत्तर कायम जर्मनमधून येतं. ती गुडघ्यांवर बसली आणि तिने रेघेच्या एका फटीत करंगळी ठेवली, मग खालच्या फटीत.

“अर्धवट राहिली असेल,” मी म्हटलं. “उद्या सलग होईल.”

“पण ममा...”

“सलग होणार म्हणजे होणार. माझा शब्द.”

तिला पुढे काहीतरी सांगायचं होतं. पण तोवर मी विल्यमला शोधायला निघालेही होते.

हे लोहमान क्वेकर आहेत. योहानेस भेटेपर्यंत मला क्वेकर म्हटलं की न्याहारीच्या ओट्सचा डबा तेवढा आठवायचा. लग्नानंतर कळलं की या पंथात पुजारी नाही, मूर्ती नाही, वेदी नाही. सगळे गोल बसतात आणि गप्प राहतात. आतून काही बोलावंसं वाटलं तर कोणीही उठून बोलतो, बाकीचे ऐकतात आणि पुन्हा गप्प होतात. हे लोक शस्त्र धरत नाहीत आणि शपथ घेत नाहीत. पूर्वी तर राजालाही ‘तू’ म्हणायचे, आणि त्यापायी तुरुंगातही जायचे. ऱ्हाइनकाठच्या या गावात तीनेकशे वर्षांपूर्वी पेटर लोहमान नावाचा विणकर राहायचा. युद्धाचा कर देणार नाही म्हणाला, म्हणून जमीनदाराने त्याची गाय नेली. पुढच्या वर्षी हातमाग नेला. त्याच्या पुढच्या वर्षी पेटरने बायकापोरांना घेऊन नदी धरली, जहाज धरलं आणि पेनसिल्व्हेनियात आपल्यासारख्याच लोकांबरोबर जंगल तोडून नवी वस्ती केली.

योहानेसचे पणजोबा त्या वस्तीतून उलटे इकडे आले, पहिल्या महायुद्धानंतर. जर्मनीत पोरं उपाशी मरत होती. क्वेकर त्यांना शाळाशाळांतून जेवू घालायचे, त्या कामावर पणजोबा होते. इथल्या एका मास्तरणीने त्यांना परत जाऊ दिलं नाही. असं हे घराणं दोन्हीकडे पसरलं. पुढे दोन्हीकडच्यांनी पैसे घालून पेटरचं जुनं कोठार विकत घेतलं. दर काही वर्षांनी सगळे तिथे जमतात. या उन्हाळ्यात कोठाराच्या भिंतीवर वंशवृक्ष कायमचा रंगवायचा ठरला होता. शनिवारी दुपारी चित्रकार बाई यायच्या होत्या. आम्ही स्टुटगार्टहून शुक्रवारी दुपारीच पोहोचलो आणि बघतो तर हे.

विल्यम मागच्या अंगणात बाकडी मांडत होता. घराण्याच्या अमेरिकेतल्या शाखेतला, पेनसिल्व्हेनियात आयुष्यभर औषधाचं दुकान चालवून निवृत्त झालेला, उंच आणि ताठ माणूस. वंशावळ त्यानेच गोळा केलेली. माणूस वाईट नाही. वाईट असता तर मला भांडायला सोपं गेलं असतं.

“यात अपमान काहीच नाही, क्रांती,” तो म्हणाला. “वंशावळीचा संकेत आहे. रक्ताचं नातं सलग रेघेने आणि दत्तक नातं तुटक रेघेने.”

“तनयाचा जन्मदाखला बघितलास? दत्तकविधान झाल्यावर श्टांडेसआम्टच्या नोंदणी ऑफिसने नवा दिला. वडील, योहानेस लोहमान. ज्या देशात चुकीच्या डब्यात कचरा टाकला तर घरी पत्र येतं, त्या देशाच्या ऑफिसलासुद्धा तुटक रेघ सुचली नाही!”

“ऑफिस हक्क सांगतं. मी रक्त सांगतो.”

आता ‘रक्त’ हा शब्द माझ्यापुढे काढायचा नसतो. आमची घरं पिढ्यान् पिढ्या गावकुसाबाहेर राहिली, ती रक्ताच्याच नावाखाली. मी स्टुटगार्टमध्ये गाड्यांच्या ब्रेकची इंजिनीअर आहे, पण माझ्या स्वतःच्या तोंडाला ब्रेक नाही असं योहानेस म्हणतो. ते खरंच आहे.

“रक्तच सांगायचं ना? मग सगळ्यांच्याच रेघा तुटक काढ! तीनशे वर्षांपूर्वी जहाजावर कोण कोणाच्या शेजारी झोपलं होतं, बघायला गेला होतास तू?”

विल्यमचे कान लाल झाले. बाकड्याचं दुसरं टोक धरलेली कोणी चुलतबहीण खोकल्यासारखं करून हसली. योहानेसने माझा दंड धरला आणि मला सफरचंदाच्या झाडाखाली नेलं.

“उद्या बैठकीत मांड,” तो म्हणाला. “आमच्यात मतदान नसतं, तुला माहीतच आहे. एकाचाही जीव मानत नसेल तर ठराव पुढे जात नाही.”

“एकाचाही?”

“गेनाऊ. अगदी एकाचाही.”

“मग झालं तर,” मी म्हटलं. योहानेसने डोळे मिटून घेतले. कशात हात घातला ते त्याच्या लक्षात आलं असावं.

आमच्या गाडीतून आलेलं चौथं माणूस तेवढ्यात अंगणभर फिरून आलं. गयाबाई, माझ्या सासूबाई. योहानेसच्या आई नव्हे, संघर्षच्या. संघर्ष माझा पहिला नवरा, तनयाचा बाप. वोल्फ्सबुर्गला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनीअर होता. तनया तीन वर्षांची असताना एका सकाळी जोडे घालता घालता खाली बसला तो उठलाच नाही. डोक्यात रक्तस्राव झाला म्हणाले. मी करमाळ्याजवळच्या त्यांच्या वसाहतीत त्याच्या अस्थी घेऊन गेले, तेव्हा गयाबाईंनी मला आठ दिवस नीट जेवू घातलं आणि नवव्या दिवशी सांगितलं, “तू लगीन कर. माझ्या लेकाची पोर बिनबापाची वाढवायची न्हाई.” मी बरीच वर्षं ऐकलं नाही. मग शाळेत भूगोल शिकवणारा, सायकलवरून हिंडणारा, दाढीवाला योहानेस भेटला. लग्नाचा पहिला फोन मी त्यांनाच केला. त्यांनी विचारलं, “पोरीला जीव लावतो का?” मी हो म्हटल्यावर म्हणाल्या, “मग बास.”

मी त्यांना अजून आईच म्हणते. यंदा त्या तीन महिन्यांच्या व्हिसावर आल्या होत्या. योहानेसच्या आईला, हिल्डाला, त्या पहिल्या दिवसापासून विहीणबाई म्हणतात. नातं तसं बसत नाही, पण त्यांनी बसवलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही आणि दोघी तासन् तास वाटाणे सोलत बसतात.

“काय झालं गं? त्या उंच बाबाला काय बोललीस?” आईंनी विचारलं.

“काही नाही, आई. भिंत रंगवायचं चाललंय.”

मी मूग गिळून गप्प बसले. खरं सांगायचं तर काय सांगणार होते? तुमच्या लेकाची पोर दुसऱ्या घराण्याच्या भिंतीवर सलग रेघेने जोडावी म्हणून मी भांडतेय, असं? ते त्यांच्या तोंडावर म्हणायची माझी छाती झाली नाही. पण हटायचं नाही हेही माझं ठरलेलं होतं. शब्द दिला होता पोरीला.

शनिवारी सकाळी सगळे कोठारात गोल बसले. लहानमोठे धरून तीसेक माणसं, अर्धी अमेरिकेतली. आईंना मी एवढंच सांगितलं होतं की या लोकांची प्रार्थना आहे, शांत बसायचं. त्यांनी पांढरी साडी नेसली होती. त्यांच्या वसाहतीतल्या विहारात दर रविवारी वंदना त्याच सुरू करतात. महिला मंडळाच्या सगळ्यांत वडील त्याच. त्या येऊन उभ्या राहिल्याशिवाय तिथे कोणी तोंड उघडत नाही.

हिल्डा या बैठकीची कारकून होती. क्वेकर त्या कामाला हेच नाव देतात. चौऱ्याऐंशी वर्षांची, पाठीतून वाकलेली, आवाज मात्र खणखणीत. कारकुनाने स्वतःचं मत द्यायचं नसतं. बैठकीचं मन कुठे स्थिरावलंय तेवढं ओळखायचं आणि लिहून घ्यायचं. कोणाला दटावायचं नाही, घाई करायची नाही.

थोडा वेळ शांत बसून झाल्यावर हिल्डा म्हणाली, “आल्झो, तर मग. भिंतीवरचं रेखाटन सगळ्यांनी पाहिलं. दुपारी चित्रकार येतील. हे असंच रंगवायला द्यावं असं सगळ्यांचं मन आहे का?”

अशा वेळी सगळ्यांनी माना हलवायच्या असतात.

“नाइन,” मी म्हटलं. म्हणजे नाही.

तीस माना माझ्याकडे वळल्या. मी उभी राहिले आणि आदल्या दिवशीचंच सगळं सांगितलं, जहाजाचं तेवढं वगळून. तनयाच्या नावावर दत्तक असा शिक्का मारायचा असेल तर तिचं नावच नको, आणि नाव हवं असेल तर रेघ सलग हवी. एवढं बोलून बसले.

विल्यम उठला. त्याने शांतपणे सांगितलं की हे काम त्याने प्रामाणिकपणे केलंय, आणि एका ठिकाणी नियम वाकवला तर सगळ्या झाडावरचा विश्वास जातो. मग योहानेस उठला. त्याला चारचौघांत बोलायला आवडत नाही. “मी हिला पोहायला शिकवलं,” तो म्हणाला. “पहिल्यांदा हात सोडला तेव्हा हिच्यापेक्षा मीच जास्त घाबरलो होतो. त्यातलं तुटक काय होतं ते मला कळत नाही.” एवढंच. मला त्या क्षणी त्याचा फार फार अभिमान वाटला.

अमेरिकेतल्या एका काकूंनी सुचवलं की तुकडे जवळजवळ काढावेत, लांबून सलग दिसतील. काकू भल्या मनाच्या होत्या. मी पुन्हा “नाइन” म्हटलं.

“बैठकीचं मन अजून स्थिर झालेलं नाही,” हिल्डा म्हणाली. “आपण थांबू.”

आणि सगळे थांबले. क्वेकरांना थांबता येतं हे मला माहीत होतं, पण एवढं येतं हे माहीत नव्हतं. कोणी घड्याळ बघेना, कोणी उसासा सोडेना. बाहेर पातेल्यात मसुराचं सूप निवत होतं, चित्रकार बाई वाटेत असणार, आणि हे सगळे हात मांडीवर ठेवून डोळे मिटून बसलेले. कोणी चिडलं असतं, ओरडलं असतं, तर मी दहा तोंडांनी भांडले असते. पण गप्प बसलेल्या माणसाशी भांडणार कसं? माझ्या पायाला मुंग्या आल्या. मनात आलं, सोडून द्यावं. मग समोर ती रेघ दिसायची आणि मी पुन्हा ताठ बसायची. आमच्या माणसांना पाण्यासाठी किती थांबावं लागलं होतं. त्यापुढे सूप निवलं तर निवलं.

आई माझ्या कानाशी लागल्या. “कशाची वाट बघत्यात?”

“सगळ्यांचं एक व्हायची.”

“मग सुरू का करंनात?”

“आई, शांत...”

पण आईंनी एकदा गोलात नजर फिरवली. सगळे हात जुळवल्यासारखे बसलेले, माना खाली, कोणी सुरुवात करत नाही. त्यांच्या हिशेबात याचा अर्थ एकच होता. वडीलधारं माणूस उभं राहायचं राहिलंय. विहीणबाई पाठीने अधू, म्हणजे आता पाळी आपली. त्यांनी पदर सारखा केला, उभ्या राहिल्या, हात जोडले, आणि त्या उंच छताखाली खड्या आवाजात त्रिसरण सुरू केलं.

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी त्यांच्या पदराला हात घातला. समोरून हिल्डाने डोळे किलकिले करून मान हलवली, राहू दे अशी. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इथे हे चालतं. इथे नेमकं हेच चालतं. ज्याला आतून वाटेल त्याने उठावं आणि बोलावं. तीसही माणसं तशीच माना खाली घालून ऐकत होती.

पहिली ओळ म्हणून आई थांबल्या. त्या एक ओळ म्हणतात आणि बाकीच्यांनी ती मागून म्हणायची असते. कोणीच म्हणेना. त्यांनी भुवया उंचावून गोलाकडे पाहिलं, विहारात उशिरा येणाऱ्या सुनांकडे बघतात तसं. मी अजून त्यांचा पदर धरूनच बसले होते.

मागून म्हणाली ती तनया.

स्पष्ट, न अडखळता. मी शिकवलेलं नव्हतं. दर रविवारी फोनवर आजीच शिकवायची हे मला ठाऊक होतं, पण ही तेव्हा दुसऱ्या हाताने काहीतरी खेळत असायची. दोघींनी त्रिसरण पुरं केलं, मागोमाग पाचही शीलं. शेवटी आई गोलाकडे बघून “जय भीम” म्हणाल्या आणि बसल्या. अमेरिकेतल्या काकूंनी अंदाजाने “जाय बीम” असं उत्तर दिलं.

पुन्हा शांतता. पण ही निराळी होती. मघाची अडून बसलेली होती, हिच्यात ऐसपैस जागा होती.

“आता का उठंनात?” आई पुटपुटल्या.

तनया उठली. लोकरीच्या जाकिटाच्या बाह्या तिने बोटांवर ओढून घेतल्या होत्या.

“मला सांगायचंय,” ती जर्मनमध्ये म्हणाली. “ममा माझ्यासाठी भांडतेय, मला माहितीये. पण मला काल कोणी बोलूच दिलं नाही.” तिने माझ्याकडे पाहिलं. “मला ती रेघ आवडली होती. मला वाटलं, मध्येमध्ये जागा सोडलीये ती माझ्या बाबांसाठी. संघर्ष बाबांसाठी. ती भरून टाकली तर ते कुठे राहतील?”

मी भिंतीवरच्या त्या फटींकडे पाहिलं.

कालपासून मी विल्यमच्या नावाने बोटं मोडत होते. त्याने माझ्या मुलीला कमी लेखलं म्हणून. आणि ती सलग रेघ मारून मी काय करणार होते? दाखल्यावरून संघर्षचं नाव गेलंच होतं, ते कायद्याने गेलं. भिंतीवरून मीच पुसायला निघाले होते, त्याच्या आईला शेजारी बसवून, आणि तिला एका शब्दाने न विचारता.

“आजीलाही कोणी विचारलं नाही,” तनया म्हणाली आणि आईंकडे वळली. मग ती चक्क मराठीत बोलली. सावकाश, एकेक शब्द टेकवत. “आजी, हे लोक विचारतात, मी कोणाची मुलगी.”

आईंना प्रश्नच पटला नाही. “कोणाची म्हंजे? दोघांची.” त्यांनी बोट स्वतःकडे केलं, मग योहानेसकडे. “माझ्या संघर्षची हायेस आन् ह्या दाढीवाल्याची बी हायेस. जल्म त्यानं दिला, दप्तर ह्यानं उचललं. रेघा वढायच्या तर दोन वढा की. त्यात एवढं गप्प बसण्यासारखं काय हाय?”

तनयाने भाषांतर केलं. दप्तराचं ऐकून योहानेसने चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसत राहिला. फार वेळ पुसला.

आईंनी माझ्याकडे पाहिलं. “ह्यासाठी मला सांगत नव्हतीस व्हय?”

“हो, आई.”

“येडी,” त्या म्हणाल्या आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

विल्यम उभा राहिला. “दोन सलग रेघा,” तो म्हणाला. “पण हे लोहमानांचं झाड आहे. दुसरी रेघ झाडाबाहेर जाते.”

“विल्यम,” हिल्डाने विचारलं, “तुझ्या मनाला अडचण रेघेची आहे की भिंतीची?”

विल्यमने भिंतीकडे पाहिलं. शपथ न घेणाऱ्या लोकांना खरं बोलण्याची सवयच लागलेली असते. त्याने विचार केला आणि खरं सांगितलं, “भिंतीची. डावीकडे लगेच खिडकी लागते.”

पहिल्यांदा हिल्डाच हसली. मग एकेक करत अख्खा गोल हसला, आणि शेवटी विल्यमही.

“खिडकीखालून न्यावी,” योहानेस म्हणाला.

“हो, खिडकीखालून जाईल,” विल्यम म्हणाला.

हिल्डाने लेखणी उचलली. “तनयापासून दोन रेघा, दोन्ही सलग. एक योहानेसकडे, एक संघर्षकडे. असं सगळ्यांचं मन आहे का?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सकाळपासून नाही म्हणणारी मीच एकटी होते.

“हो,” मी म्हटलं. आवाज एवढा बारीक आला की हिल्डाने पुन्हा विचारलं आणि मला पुन्हा सांगावं लागलं.

चित्रकार विबकेबाई आल्या तेव्हा सगळे सूप पीत होते. आईंनी ते पातेलं पुन्हा चुलीवर चढवायला लावून त्यात लसणाची फोडणी घातली होती, आणि विल्यम तिसऱ्यांदा वाढून घेत होता. हातात वाटी घेऊनच तो आईंसमोर येऊन बसला. गुडघ्यावर कागद, कानावर पेन्सिल. तनया दुभाषी.

“संघर्ष. त्याच्या वडिलांचं नाव?”

“लहू,” आई म्हणाल्या. नवऱ्याचं नाव घेताना त्या अजून किंचित थांबतात.

“लहूचे वडील?”

“भिवा.”

“ते गावचेच?”

“गावचे, पर गावात न्हवं. गावाभायेर.” आई सरसावून बसल्या. “भिवाबाबा म्हनले, आमी बुद्धाचे झालो, आता मेलेली ढोरं वढणार न्हाई. गावानं पानी तोडलं. दानं बंद केलं. मग त्यांनी पोरंबाळं घेतली आन् माळावर जाऊन घर बांदलं. मागनं धा घरं आली. तीच आमची वसाहत.”

तनयाने सांगितलं. मध्ये दोनदा शब्दासाठी माझ्याकडे वळली, मी दिले. विल्यमची पेन्सिल थांबली.

“मनाला न पटणारं काम करणार नाही म्हणाले,” तो हळूच म्हणाला, “आणि निघून गेले. नवी वस्ती केली.” त्याने तुळईपाशी लिहिलेल्या पेटर लोहमानकडे पाहिलं, मग पुन्हा आईंकडे. “भिवांचे वडील?”

“ठावं न्हाई.”

“कुठे नोंद असेल? देवळात, गावच्या कचेरीत?”

“हेळवी यायचा बैलावर बसून. पाटलाच्या दारात त्यांच्या साऱ्या पिढ्या म्हनून दाखवायचा, पायली पायली जोंधळं घेऊन जायचा. आमच्याकडं त्याचा बैल कदी वळलाच न्हाई. आमची नावं कोन ध्येनात ठेवनार?”

विल्यमला मोकळी जागा सोसत नाही, हे एव्हाना मला कळलं होतं. पण त्याने पेन्सिल परत कानावर ठेवून दिली.

विबकेबाईंनी रंगवायला घेतलं. तनयाच्या नावातून निघालेली दुसरी रेघ खिडकीखालून डावीकडे गेली, तिथे संघर्ष, त्याच्या वर लहू, त्याच्या वर भिवा. नावं देवनागरीत हवीत असा तनयाचा हट्ट होता. तिने कागदावर लिहून दिली आणि बाईंनी एकेक वळण तसंच्या तसं उतरवलं. भिवाच्या वर हातभर भिंत उरत होती, मग खिडकीची चौकट.

“इथून वर काय?” बाईंनी विचारलं. “नावं माहीत नसलेले पूर्वज तुटक रेघेने दाखवतात ना? तसंच करू?”

विल्यमने माझ्याकडे पाहिलं. माझं ‘नाइन’ तोंडात तयारच होतं.

“नाही,” माझ्याआधी तोच म्हणाला. “सलग. चौकटीपर्यंत.”

बाईंनी ब्रश बुडवला आणि एका दमात रेघ वर नेली. काळीभोर, ओली, कुठेही न तुटलेली. आई जवळ जाऊन बघत राहिल्या. त्यांना वाचता येतं, पण वर वाचायला काहीच नव्हतं.

“हितं कुनाचं नाव हाय?” त्यांनी विचारलं.

“कोणाचंच नाही, आई. नाव माहीत नाही ना आपल्याला. नुसती रेघ काढलीये.”

आईंनी त्या ओल्या रेघेवर वरपर्यंत नजर फिरवली. पदराने तोंड पुसलं.

“आसूं दे,” त्या म्हणाल्या. “कुनीतरी व्हतंच की.”